पडद्यावरचे २७.८ अंश

एप्रिल महिन्यातली दुपार होती. इस्लामपुरातील एका शाळेच्या संगणक कक्षात आम्ही बसलो होतो. वर पत्रा, दोन पंखे, त्यांपैकी एक बंद. विज्ञानाच्या बाईंनी भिंतीवर खिळ्याला अडकवलेला तापमापक ३८ अंश सेल्सिअस दाखवत होता. समोरच्या संगणकावर लिनक्स चालू होते आणि त्याच्या पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात छोट्या अक्षरांत एक आकडा दिसत होता : २७.८ अंश.

या संगणकाची तक्रार अशी होती की अर्धा-पाऊण तास काम झाले की तो आपोआप बंद पडे. तपासायला आलेल्या माणसाने तो आकडा पाहिला, "गरम होत नाहीये, पॉवर सप्लाय गेलाय" असे निदान केले आणि पॉवर सप्लाय बदलून दिला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग मदरबोर्ड बदलावा लागेल अशी चर्चा सुरू झाली. शाळेच्या शिलकीत तेवढे पैसे नव्हते, म्हणून संगणक कोपऱ्यात सरकवण्याचे ठरत होते. अशा वेळी नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, खोलीत अडतीस आहे, मग ह्याच्या पोटात सत्तावीस कसं?"

प्रश्न इतका सरळ होता की आम्हा मोठ्यांना तो आधी का सुचला नाही याची लाज वाटली. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते, हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. ज्या डब्यात काही दहा वॅट वीज सतत उष्णतेत रूपांतरित होते आहे आणि ज्याला थंड करायला खोलीतल्या हवेशिवाय दुसरे काही नाही, त्या डब्याच्या आतले तापमान खोलीपेक्षा कमी असूच शकत नाही. पंखा लावला तरी नाही. पंखा उष्णता लवकर वाहून नेतो, हवेपेक्षा गार करत नाही. म्हणजे २७.८ हा आकडा चुकीचाच होता, आणि तो चुकीचा आहे हे ठरवायला संगणकशास्त्र नको होते.

आम्ही मग त्याच यंत्रातली दुसरी फाइल उघडून पाहिली. प्रोसेसरच्या आतील संवेदकाचे वाचन होते ९६ अंश, आणि ते वाढत होते. झाकण काढले तेव्हा प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला होता. जुन्या रंगाच्या ब्रशने तो काढला आणि संगणक चालू लागला.

एकाच यंत्रात, एकाच ऑपरेटिंग सिस्टीममध्ये, एकाच क्षणी एक फाइल २७.८ म्हणते आणि दुसरी ९६. दोन्ही आकडे सारख्याच पद्धतीने लिहिलेले, सारख्याच आत्मविश्वासाने. या लेखात आम्ही जी समीक्षा करणार आहोत ती या पद्धतीची आहे. संगणकाच्या हार्डवेअरचे तापमान ऑपरेटिंग सिस्टीम आपल्यापुढे कसे मांडते, त्यात चांगले काय आहे आणि मोजमाप शिकवणाऱ्या शिक्षकाच्या नजरेतून पाहिले तर काय खटकते, ते पाहू.

आधी चांगले सांगितले पाहिजे, कारण ते खरोखरच चांगले आहे. १९७० च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवताना एक विचार धरला होता : यंत्राचे उपकरणही वापरणाऱ्याला फाइलसारखे दिसावे. लिनक्सने तो विचार पुढे नेला. १९९८ च्या सुमारास काही हौशी मंडळींनी मदरबोर्डावरच्या संवेदकांसाठी ड्रायव्हर लिहायला घेतले. 'एलएम-सेन्सर्स' हे त्या प्रकल्पाचे नाव. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीच्या 'एलएम ७५', 'एलएम ७८' या चिपांवरून ते आले. लिनक्स २.६ च्या मालिकेत हे सारे एका ठरावीक जागी आले. 'सिस' नावाच्या कप्प्यात 'क्लास', त्यात 'एचडब्ल्यूमॉन', आणि त्यात प्रत्येक संवेदक-चिपेसाठी एकेक खण. खणात 'टेम्प१-इनपुट' नावाची फाइल. ती उघडली की एक पूर्णांक दिसतो, समजा ४७०००. हे अंश सेल्सिअसचे हजारावे भाग; म्हणजे ४७ अंश. शेजारच्या फाइलींत कमाल मर्यादा, धोक्याची मर्यादा, पंख्याचे दर मिनिटाचे फेरे, विद्युतदाब मिलिव्होल्टमध्ये.

यातली खुबी शिक्षकांच्या लक्षात यावी. संवेदक कोणत्या कंपनीचा, त्याच्याशी बोलायची भाषा कोणती, आकडा कोणत्या बिटांत दडलेला, हा सगळा गुंता ड्रायव्हर आपल्या अंगावर घेतो. विद्यार्थ्याला उरते ती एक साधी मजकुराची फाइल, जी दोन ओळींच्या प्रोग्रॅमने वाचता येते. कुठला परवाना नको, महागडे सॉफ्टवेअर नको. ज्या शाळेत तापमापकांचा संच फुटून दोनच उरले आहेत, तिथे प्रत्येक बाकावर एकेक चालू तापमापक आहे असाच याचा अर्थ.

असे उघडे दार नसले की काय होते, याचेही उदाहरण आहे. विंडोजमध्ये संवेदकांसाठी असे एकसमान, सर्वांना खुले दार नाही. मदरबोर्ड देईल तेवढे तापमान केल्विनच्या दहाव्या भागांत मिळते, बाकी त्या त्या कंपनीचे स्वतंत्र प्रोग्रॅम. म्हणून हौशी प्रोग्रॅमरांनी 'विनरिंग-झिरो' नावाचा एक ड्रायव्हर सर्रास वापरला. तो तापमान वाचू देतो, पण त्याबरोबर प्रोसेसरची अंतर्गत रजिस्टरे आणि स्मृतीही कोणत्याही प्रोग्रॅमला उघडी करून देतो. ही उणीव २०२० मध्ये अधिकृतपणे नोंदली गेली, आणि मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विषाणूरोधक सॉफ्टवेअरने तो धोकादायक म्हणून अडवायला सुरुवात केली. तेव्हा पंख्याचा वेग दाखवणारे कितीतरी निरुपद्रवी प्रोग्रॅम एकदम बंद पडले. खिडकी ठेवली नाही म्हणून लोकांनी भिंत फोडली, असा हा प्रकार.

तर लिनक्सची खिडकी चांगली. प्रश्न खिडकीतून जे दिसते त्याचा आहे.

तापमान मोजले जाते ते कसे, हे थोडक्यात पाहू, कारण ते वर्गात करून दाखवता येते. सिलिकॉनच्या डायोडमधून ठरावीक अल्प प्रवाह सोडला की त्याच्या टोकांमधील विद्युतदाब साधारण ०.६ व्होल्ट असतो, आणि तापमान एक अंशाने वाढले की तो सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. बाजारात दोन-तीन रुपयांना मिळणारा डायोड, एक पेन्सिल सेल, एक रोध आणि मल्टिमीटर घ्या. डायोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ३० अंशाच्या पाण्यातून ८० अंशाच्या पाण्यात न्या. दाब सुमारे ०.१ व्होल्टने उतरलेला दिसेल. प्रोसेसरच्या पोटात हाच गुणधर्म कामाला लावलेला असतो. मिळालेल्या दाबाचे अंकांत रूपांतर होते आणि तो अंक ड्रायव्हर वाचतो.

येथपर्यंत भौतिकशास्त्र. यापुढे हिशेब, आणि गोंधळ हिशेबात आहे.

इंटेलच्या प्रोसेसरसाठी लिनक्समध्ये २००७ मध्ये 'कोअरटेम्प' हा ड्रायव्हर आला. गंमत अशी की इंटेलचा संवेदक तापमान सांगतच नाही. तो सांगतो, कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत. मर्यादा १०० असेल आणि संवेदकाने ३७ हा अंक दिला, तर ड्रायव्हर १०० मधून ३७ वजा करून ६३ लिहितो, त्याला हजाराने गुणतो आणि फाइलमध्ये ६३००० येतात. आता ही मर्यादा किती, हेच 'कोअर टू' या पिढीच्या प्रोसेसरांबाबत प्रसिद्ध केलेले नव्हते. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी प्रोसेसरची जात पाहून ८५ की १०० असा अंदाज बांधला. अंदाज चुकला तर प्रत्येक वाचन १५ अंशांनी चूक. इंटेलने आकडे २००८ मध्ये उघड केले, आणि पुढच्या पिढीपासून ही मर्यादा प्रोसेसरमध्येच लिहून ठेवली जाऊ लागली. पण मधल्या काळात जगभर ज्यांनी ६३ वाचले, त्यांच्यापैकी कितीजण खरे तर ४८ वर होते, हे त्या फाइलीतून त्यांना कळण्याची सोय नव्हती.

आणखी एक तपशील आम्हाला जास्त बोचतो. इंटेलच्या त्या रजिस्टरमध्ये एक स्वतंत्र बिट आहे. 'हे वाचन ग्राह्य आहे' एवढेच तो सांगतो. सुरुवातीला कोअरटेम्प हा बिट पाहत असे, आणि तो शून्य असेल तर आकडा न देता त्रुटी कळवत असे. पुढे ही तपासणी काढून टाकली गेली. कारण ड्रायव्हरमध्येच लिहिलेले आहे, त्याचा आशय असा की त्रुटी कळवून कोणाचा काही फायदा होत नाही, त्यापेक्षा जो आकडा आहे तो द्यावा. आम्ही हे वाचले तेव्हा प्रयोगवहीत निरीक्षण न जमल्यामुळे शेजाऱ्याचा आकडा उतरवणारा विद्यार्थी डोळ्यांपुढे आला. आम्ही त्याचे गुण कापतो. उपकरण स्वतः म्हणते आहे की माझ्यावर विसंबू नका, आणि मधला दुभाषा ते वाक्य गाळून टाकतो.

एएमडीच्या प्रोसेसरांची कथा वेगळी, पण तिचा शेवट याच ठिकाणी होतो. 'के-टेन-टेम्प' हा त्यांचा ड्रायव्हर. त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट म्हटले आहे की हे तापमान भौतिक नव्हे. पंखा केव्हा जोरात फिरवायचा ते ठरवण्यासाठी केलेली ती एक काल्पनिक मोजपट्टी आहे. २०१७ साली आलेल्या रायझन १७००-एक्स आणि १८००-एक्स या प्रोसेसरांत ही मोजपट्टी मुद्दाम २० अंश वर सरकवलेली होती. चिप ५५ अंशावर असली तरी वाचन ७५. लोक घाबरले, पंखे बदलले, शिव्या दिल्या. पुढे ड्रायव्हरमध्ये वजाबाकीची तरतूद झाली. माहितीपत्रक प्रामाणिक होते, हे मान्य. पण फाइल वाचणारा माहितीपत्रक वाचतोच असे नाही, आणि फाइलीत लिहिलेले एकक मात्र अंश सेल्सिअस होते. सेल्सिअस म्हणायचे आणि सेल्सिअस नसायचे, हे मोजमापशास्त्रात चालत नाही.

आता त्या २७.८ कडे वळू. १९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 'एसीपीआय' नावाचे मानक प्रसिद्ध केले. मदरबोर्डाने आपले तापमान केल्विनच्या दहाव्या भागांत सांगावे, असे त्यात ठरले. मदरबोर्ड बनवणाऱ्याला संवेदक जोडण्याचा कंटाळा आला, किंवा पंख्याचे काम दुसऱ्याच चिपेकडे दिले, तरी मानकातला तो रकाना रिकामा ठेवणे त्याला बरे वाटत नाही. मग तो तिथे एक ठरावीक आकडा लिहून मोकळा होतो. ३०१० लिहिले की झाले ३०१ केल्विन, त्यातून २७३.२ वजा केले की २७.८ अंश सेल्सिअस. ३०३० लिहिले की २९.८. ही जोडी अनेक मदरबोर्डांवर दिसते. मे महिन्यात तीच, डिसेंबरात तीच, संगणक नुकता चालू केला तरी तीच. लिनक्स ती इमानाने वाचते, अंश सेल्सिअसमध्ये बदलते आणि मांडणीत पहिल्या क्रमांकाला ठेवते. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दाखवणारे कितीतरी छोटे प्रोग्रॅम पहिला क्रमांक सापडला की तोच उचलतात. इस्लामपूरच्या शाळेत झाले ते असे. दोष कोणा एकाचा नव्हता. मधल्या प्रत्येकाने आपले काम नेमून दिल्याप्रमाणे केले होते.

क्रमांकांचे निघालेच आहे तर तेही सांगून टाकू. 'एचडब्ल्यूमॉन०', 'एचडब्ल्यूमॉन१' हे क्रमांक कायमचे नसतात. ज्या क्रमाने ड्रायव्हर सुरू होतील तसे ते मिळतात, आणि पुढच्या वेळी बदलू शकतात. काल ज्या खणात प्रोसेसर होता, आज तिथे डिस्क असू शकते. खणात 'नेम' नावाची फाइल असते, ती पाहून मगच पुढे जायचे. पण हे शिकवणारे कमी.

आता खोट्या अचूकतेकडे. यासाठी एक प्रयोग सुचवतो. अनेक शाळांत आता रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक आला आहे. (२०१२ साली निघाला तेव्हा त्याच्या किमतीचे सर्वांना नवल वाटले होते.) त्यातही तापमानाची फाइल असते. दर पाच सेकंदांनी ती वाचून आकडे वहीत एकाखाली एक लिहायला विद्यार्थ्यांना सांगा. पाय ३ असेल तर असे काही आकडे येतील : ४७७७४, ४८३१२, ४८८५०. पहिल्या नजरेत वाटते, वा! अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत अचूक! आता शेजारच्या आकड्यांची वजाबाकी करायला सांगा. ४८३१२ वजा ४७७७४ म्हणजे ५३८. ४८८५० वजा ४८३१२, पुन्हा ५३८. कितीही वेळ बसा, दोन वाचनांतला फरक नेहमी ५३८ च्या पटीतच येईल.

विद्यार्थी थोडे झगडले की त्यांच्या लक्षात येईल की संवेदक एक लहानसा पूर्णांक देतो आहे आणि कोणीतरी त्याचा ५३८ शी गुणाकार करतो आहे. खरेच तसे आहे. ४१२००० मधून ५३८ गुणिले तो पूर्णांक वजा केला की तापमान मिळते. ४८३१२ साठी तो पूर्णांक ६७६, पडताळून पाहावे. म्हणजे या तापमापकाच्या दोन रेघांमधले अंतर अर्ध्या अंशाहून थोडे जास्त आहे. त्याहून बारीक त्याला काही दिसत नाही. '.३१२' हे अंक मोजलेले नाहीत, ते गुणाकारातून गळून पडलेले आहेत. पाय ४ वर हाच प्रयोग केला तर ५३८ ऐवजी ४८७ मिळेल. सार्थ अंक हा रुक्ष समजला जाणारा पाठ या एका तासात जेवढा पटतो तेवढा आम्हाला फळ्यावर कधी पटवता आलेला नाही.

लहान रेघ म्हणजे अचूकता नव्हे, हाही मुद्दा इथेच घ्यावा. वर उल्लेख केलेली एलएम ७५ चिप अर्ध्या अंशाच्या पायरीने वाचन देते, पण तिच्या कंपनीनेच दिलेली हमी उणे २५ ते १०० अंशांच्या पट्ट्यात अधिक-उणे २ अंशांची आहे. कंपनीच्या कागदावर ही हमी छापलेली असते. फाइलमध्ये येताना ती गळते. ४७५०० एवढेच उरते.

आमच्या वाळवा तालुक्यात गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतल्या रसाचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो. रस उतरवायचा क्षण ११८ अंशांच्या आसपासचा. दोन-चार अंश पुढे गेले तर गूळ काळा पडतो, मागे राहिले तर बसत नाही. गुळव्याला आकडा ठाऊक नसतो, पण आपण किती चुकू शकतो हे त्याला चांगले ठाऊक असते. शंका आली की तो पुन्हा थेंब टाकतो. दुसऱ्या टोकाला हवामान खाते घ्या. पुण्याला त्यांच्या उपकरण विभागात तापमापक प्रमाणित करून दिले जातात, कोणत्या वाचनात किती दुरुस्ती करायची त्याचा तक्ता तापमापकासोबत जातो, आणि तापमापक कुठे ठेवायचा हेही ठरलेले असते : पांढऱ्या झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंच. गुळव्या काय आणि वेधशाळा काय, दोघांनाही 'कशाचे तापमान' आणि 'किती भरवशाचे' या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतात. आपल्या फाइलीला 'कशाचे' याचे उत्तर कधी कधी देता येते, त्यासाठी 'लेबल' नावाची फाइल आहे. पण ती पुष्कळदा नसतेच. 'किती भरवशाचे' याला तर जागाच ठेवलेली नाही. संवेदक तुटला आहे हे सांगायला 'फॉल्ट' नावाची सोय आहे, कमाल, किमान, धोका या सगळ्यांना सोय आहे. अधिक-उणे किती, याला नाही.

हे अशक्य होते असे म्हणावे तर तसेही नाही. मोठ्या सर्व्हर संगणकांसाठी इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ मध्ये 'आयपीएमआय' नावाचे मानक केले. त्यात प्रत्येक संवेदकाची एक नोंद असते आणि त्या नोंदीत अचूकता आणि सहनमर्यादा यांसाठी वेगळे रकाने आहेत. 'वाचन उपलब्ध नाही' असे म्हणायचीही सोय आहे. पुण्यात आयसर संस्थेत २०१९ मध्ये 'परम ब्रह्म' हा महासंगणक बसवला गेला. त्यातील उष्णता काढायला द्रवाचे नळ थेट चिपांपर्यंत नेलेले आहेत. अशा ठिकाणी वाचन अमान्य आहे की तापमान कमी आहे यात गफलत परवडत नाही. शाळेच्या साठ-सत्तर वॅटच्या संगणकाला ती परवडते, असे गृहीत धरले गेले असावे.

ओपनबीएसडी या दुसऱ्या एका मोफत ऑपरेटिंग सिस्टीमने वेगळी वाट धरली. तिच्यात तापमान मायक्रोकेल्विनमध्ये साठवतात (ही पुन्हा खोटी अचूकताच, पण निदान आतल्या आत राहते), आणि संवेदकाला 'अमान्य' किंवा 'अज्ञात' असा शेरा लावता येतो. वाचण्यापलीकडे फार खटपटी करायला वाव ठेवलेला नाही. हीच मांडणी फ्रीबीएसडी या तिच्या चुलत बहिणीत २००७ च्या ऑक्टोबरात घेतली गेली आणि आक्षेपांचा भडिमार झाल्यावर काही दिवसांतच काढून टाकली गेली. मुख्य आक्षेप असा होता की संवेदकांचा हा सांगाडा पुरेशा विचाराने रचलेला नाही आणि एकदा गाभ्यात शिरला की बाहेर निघणार नाही. आम्हाला आक्षेपातला पहिला भाग पटतो. पण परिपूर्ण मांडणीची वाट पाहत कोणतीच न स्वीकारणे, हेही काही उत्तर नव्हे.

मोजण्याने मोजायची वस्तू बदलते, हे आपण थोड्या पाण्यात जाडजूड तापमापक बुडवून दाखवतो. ड्रायव्हरच्या जगातही ते घडते. एलएम-सेन्सर्सच्या सुरुवातीच्या वर्षांत संवेदक शोधण्यासाठी मदरबोर्डावरच्या तारांवर चाचपणीचे संदेश पाठवले जात. आयबीएमच्या काही थिंकपॅड संगणकांत त्याच तारांवर एक स्मृती-चिप बसवलेली होती. तिने त्या संदेशांचा भलताच अर्थ घेतला, तिच्यातली नोंद बिघडली आणि संगणक पुन्हा सुरूच होईनात. तापमान पाहायला गेले आणि यंत्र गेले! तेव्हापासून ड्रायव्हर अनोळखी तारेवर हात टाकताना फार जपून असतात. सौम्य उदाहरण २०२० मधले : डिस्कचे तापमान साध्या फाइलमधून देणारा 'ड्राइव्हटेम्प' ड्रायव्हर लिनक्समध्ये आला. त्याआधी त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागत. सोय उत्तम, पण काही डिस्कांमध्ये तापमान विचारले की झोपायची घटका पुन्हा शून्यापासून मोजली जाते. दर मिनिटाला 'तू गार आहेस ना' म्हणून विचारत राहिलो तर ती डिस्क कधी झोपणारच नाही, आणि म्हणून गारही होणार नाही.

एक आक्षेप उलट दिशेने येतो : एवढे उघडे ठेवावे का? २०२० च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रियातील ग्राझ येथील व अन्य ठिकाणच्या संशोधकांनी दाखवले की इंटेलच्या प्रोसेसरची ऊर्जेची वाचने सामान्य वापरकर्त्याला मिळत असतील, तर त्यांच्या चढउतारांवरून सांकेतिक लिपीच्या गुप्त किल्ल्या शोधता येतात. त्यानंतर लिनक्सने ऊर्जेच्या फाइली प्रशासकापुरत्या मर्यादित केल्या. ते योग्यच झाले. तापमान मात्र फार सावकाश बदलते. एवढा बारीक तपशील त्यातून झिरपणे कठीण. ऊर्जेच्या भीतीने तापमानाची दारेही बंद करावीत असे आम्हाला वाटत नाही. शाळांचा त्यात तोटा आहे.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची बाजू आम्हाला समजते. ते म्हणतील, हा प्रयोगशाळेतला तापमापक नाही. पंखा वाढवायचा की नाही, यंत्र थांबवायचे की नाही, एवढ्यापुरता तो आहे. इंटेलचा संवेदकही मर्यादेजवळ बरोबर असावा असा जुळवलेला असतो. मर्यादेपासून दूर, थंड अवस्थेत, त्याचे वाचन सैल पडते. हे सगळे खरे. पण मग '१०० पैकी ३७ अंश शिल्लक' असेच दाखवा! तेच मोजलेले आहे. ते अंश सेल्सिअसच्या वेषात, तीन जादा शून्ये लावून दाखवले की वाचणाऱ्याची समजूत होणारच. आणि जे मोजलेलेच नाही, तिथे २७.८ न लिहिता रकाना रिकामा सोडा. प्रयोगवहीत आपण रेघ ओढतो, तशी रेघ.

वर्गासाठी एक सोपी चाचणी सुचवून थांबतो. सकाळी संगणक चालू करण्यापूर्वी खोलीचे तापमान नोंदवा. चालू केल्याबरोबर सापडतील त्या सर्व तापमानाच्या फाइलींची यादी करा आणि वाचने लिहा. अर्धा तास संगणकाला कामाला लावा, मोठ्या संख्यांचे गुणाकार करणारा साधा प्रोग्रॅमही चालेल, आणि पुन्हा वाचा. जी फाइल हललीच नाही, तिच्यापुढे 'ठरावीक' असे लिहा. जी खोलीपेक्षा खाली आहे, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. ज्यांतला फरक एकाच संख्येच्या पटीत येतो, तिची पायरी लिहा. उरलेल्या फाइलींत लेबल आहे का पाहा. इस्लामपूरच्या त्या शाळेत मुलांनी हे केले तेव्हा चार संगणकांवर मिळून एकवीस फाइली सापडल्या. सहा ठरावीक निघाल्या, दोन खोलीपेक्षा गार. यादी आता कक्षाच्या दारामागे चिकटवलेली आहे. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा त्यांनी बदलून प्रोसेसरच्या फाइलीला जोडला आहे, आणि त्याच्या शेजारी हाताने लिहिलेली चिठ्ठी लावली आहे : 'अंदाजे. ९० च्या वर गेल्यास बाईंना सांगणे.'